भरलेला तांब्या

हिंगोलीच्या दवाखान्यात पद्माबाई सुनेचा नंबर लागायची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारी एक म्हातारी भरला तांब्या घेऊन उठू पाहत होती आणि नात तिला धरून बसली होती. आतून म्हाताऱ्याची हाक आली, "चतुरा, पाणी दे गं!"

"सोड मंजुषा, जाऊ दे मला."

"न्हाई आजी. डॉक्टरनं पाणी बंद केलंय."

"तहानलेल्याला पाणी काहून न्हाई? दिवसभर उन्हात ह्यांनी हळद शिजवली, घामानं निथळले. तांब्यावर तांबे पाजले म्या."

"तिथंच घोटाळा झाला. घामात मीठ गेलं अन् वरून नुसतं पाणी. लोणच्याच्या फोडींना मीठ लावल्यावर काय होतं?"

"पाणी सुटतं. मीठ ओढून घेतं."

"बराबर. जिकडं मीठ जास्त, तिकडं पाणी जातं. आबांच्या रक्तात मीठ कमी पडलं, म्हणून पाणी मेंदूच्या पेशींत शिरून राहिलं. पेशी भिजवलेल्या मनुकांसारख्या फुगून राहिल्या, अन् कवटी काही फुगत न्हाई."

"मग मिठाचं सलाईन भसाभसा सोडा म्हणावं!"

"एकदम सोडलं तर त्याच पेशी फोडींसारख्या आकसतील. हळूहळूच द्यावं लागतं."

"चतुरा... एक घोट दे." आतला आवाज बारीक झाला होता.

"आजी, बस खाली!"

"जवळ तरी बसते गं. जल्मभर त्यांनी हाक मारली अन् म्या पाणी नेलं."

म्हातारी दारापर्यंत गेली, थांबली आणि परत फिरली. तांब्या तिनं पद्माबाईंच्या मांडीवर ठेवला.

"बाई, हे धरा. मी मागायला आले तरी देऊ नका."