बेटावरच्या पाच दुपारी

"हॅलो?… हॅलो, कोण?… हां, ताई, बोल. हळू बोलते मी, दोघांना आत्ता कुठे आडवं केलंय."

बेटावरच्या या सहलीतून आपल्याला काय मिळणार, हे धाकटीने केव्हाच मोजून ठेवलं होतं. निळा समुद्र, पांढरी वाळू, माडांची रांग, हे सगळं बाकीच्यांनी खुशाल वाटून घ्यावं. तिला हव्या होत्या फक्त पाच दुपारी. जुळी झाल्यापासून साडेतीन वर्षांत ती दुपारची सलग तासभर झोपली नव्हती, आणि सहल पाच दिवसांची होती. आई आपल्यासोबत एकाच खोलीत राहील, जेवणं झाली की जुळ्यांना वाळूत नेईल, आणि आपण पडदे ओढून घेऊ. ही व्यवस्था तिने आईच्या कानावर घातली होती. ताईच्या कानावर घालण्याची तिला गरज वाटली नव्हती.

"जिन्यात उभी आहेस का? आवाज घुमतोय… बरं. टूरवाला काय म्हणतो?… कुणाची नावं?… कोण वकीलबाई? आपली?"

वकीलबाई म्हणजे ताईची मोठी मुलगी, वय वर्षं सहा. 'जेव' म्हटलं की 'का' विचारायची आणि 'का' सांगितलं की 'कशावरून' विचारायची, म्हणून आजीने तिला ही पदवी बहाल केली होती.

"मग सांग ना त्याला, ती वकिली करत नाही, पहिलीत आहे… म्हणजे खरोखरच्या वकील समजला?… पाय लांब करता येतील अशी सीट दिलीय? अगं, तिचे पाय खाली पोचतही नाहीत… आणि वेगळी खोली? एकटीला?… असू दे, ते नंतर निस्तरू. नाही गं, मी नाही हसत. भुंगा हसतोय. भुंग्या, डोळे मीट. मिटलेले दिसले पाहिजेत मला."

भुंगा आणि मुंगी ही जुळी जोडी आजीच्या घरी सतरंजीवर पडून होती. मुंगी टक्क जागी राहून झोपेचं सोंग करत होती, भुंग्याला तेवढंही जमत नव्हतं. शेजारी जेवणाच्या टेबलाशी आई बसली होती. चार मुलांच्या पोहण्याच्या चड्ड्यांचा ढीग समोर घेऊन ती सेफ्टी पिनेने त्यांत नवं इलॅस्टिक ओवत होती. फ्रिजवर तिची नवी हॅट होती, रुंद कडांची, अजून दुकानाची चिठ्ठी लटकत असलेली.

"पण अशी नावं त्याला दिली कुणी?… मी? मी कशाला देऊ? मला वाटलं तू दिलीस… तुला वाटलं मी दिली? कमाल आहे. मग आजपर्यंत तिकिटं कुणाची काढत होता तो?… थांब, थांब. यादी आहे ना तुझ्यासमोर? वाच बरं. सावकाश… एक, थोरली. हं… दोन, थोरले जावई. हं. तीन, धाकटी. चार, धाकटे जावई. असं कोण लिहितं?… पाच वकीलबाई. सहा, गठुडं…"

गठुडं म्हणजे ताईचं पाच महिन्यांचं बाळ, ज्याला चोवीस तास दुपट्यात बांधून ठेवलेलं असे.

"सामानात धरलंय? वजन विचारतोय? मग सांगून टाक, सात किलो, आणि रडतं म्हणावं… बरं बाई, तुझं लेकरू, नाही हसत. पुढे. सात भुंगा, आठ मुंगी. हो, ही आमचीच. पुढे वाच… पुढे नाही म्हणजे? पान उलट की… मागचं कोरं आहे? मग आई कुठाय?… अगं, आई. आपली. ती नववी."

आईच्या हातातली पीन इलॅस्टिकच्या बोगद्यात अर्ध्यावर थांबली. धाकटीच्या ते लक्षात आलं नाही. ती बोटं मोजत होती, आणि एका हातात फोन असल्यामुळे दर पाचाला तिला हात बदलावा लागत होता.

"हे बघ, घोळ नको. आत्ताच्या आत्ता तिचं नाव घालायला सांग. आणि खोली आमची लिही… आमची म्हणजे आमचीच. ती आमच्या खोलीत राहणार आहे… तुमच्या? तुमच्या कशी? तिने मला हो म्हटलंय… तुलाही? कधी?… सोमवारी संध्याकाळी? मला सोमवारी दुपारी म्हणाली. म्हणजे माझं आधी… अगं, रांग नाही तर काय आहे मग?"

इथे तिने आवाज खाली आणला. एवढ्याशा घरात आवाज खाली आणून काही साधत नाही, समोरच्याला एवढंच कळतं की आता कामाचं बोलणं चाललंय.

"ऐक ना, ताई. तुझं एक तर बसतही नाही अजून. त्याला टाकलं तिथे पडून राहतं. माझी दोन आहेत, आणि दोघं दोन दिशांना पळतात… रात्रभर जागतेस, मान्य. मी काय झोपते?… बरं, मग वाटून घेऊ. एक ते तीन माझ्याकडे, तीन ते पाच तुझ्याकडे… का? तीननंतर झोप येत नाही म्हणून? मग मला बरी येईल?… बरं, एक दिवसाआड. पहिला दिवस माझा… म्हणजे तीन मला, दोन तुला, पाच झाले की… अगं, पहिल्या दिवशी मी मेलेली असेन प्रवासाने, म्हणून… नाही, ताई, शेवटचा दिवस अर्धा नाही, विमान संध्याकाळी आहे… चार मुलं एकदम? एकटीने?… हो, तेही खरं. जमेल म्हणा तिला. तिला सवय आहे."

आईने पीन बाहेर ओढली, चड्डी बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

"आवडेल गं तिला, का नाही आवडणार? हॅट घेतलीय तिने, एवढी मोठी. सोमवारी सकाळी स्वतः जाऊन… नाही, चिठ्ठी नाही काढली अजून. आठवड्याच्या आत बदलून देतात ना, म्हणून असेल. तिचं ठाऊक आहे तुला… ते राहू दे. मुद्दा असा की, यादी दिली कुणी? मंगळवारी फोनवर घेतली म्हणतो?… तुझ्या नवऱ्याने?… हो, तो स्वतःला थोरले जावई कशाला म्हणेल. माझा तर फोनच उचलत नाही… पुन्हा वाच. दोन नंबर… ताई, एक सांग. मी तुझ्या नवऱ्याला काय म्हणते?… भावजी. बरोबर. आणि तू माझ्या नवऱ्याला कधी जावई म्हणशील? मग या दोघांना जावई म्हणणारं जगात आहे कोण?"

प्रश्न विचारून झाल्यावर उत्तर धाकटीच्या समोरच बसलेलं होतं, चष्मा नाकावर घेऊन.

"ताई, धर जरा. ठेवू नकोस… आई, मंगळवारी घरच्या फोनवर कुणाचा फोन आला होता का गं?"

आला होता, आई म्हणाली. टूरवाल्याचा. फार अदबीने बोलत होता. दोन्ही बायका उचलत नाहीत म्हणाला, जाणारी माणसं कोण कोण तेवढं सांगा. तिने सांगितली. त्याने वयंही विचारली, तीही सांगितली. तो घाईत असावा, त्याने ऐकली नाहीत, त्याला ती काय करणार?

"आणि तुझं नाव, आई? तुझं राहिलं सांगायचं?"

"राहिलं नाही," आई म्हणाली. "नाही सांगितलं."

धाकटी फोन कानाला तसाच लावून उभी राहिली. तिकडून ताई काहीतरी विचारत होती, इकडे भुंगा उठून बसला होता.

"सोमवारी तू आलीस," आई पुढे म्हणाली, डोळे हातातल्या कामावरून न काढता, "आणि दुपारी काय काय करायचं ते सांगून गेलीस. संध्याकाळी तिचा फोन आला, तिनेही दुपारचंच सांगितलं. दोघींनाही मी हो म्हटलं. समुद्राचं मात्र दोघींपैकी कुणी काही बोललं नाही. मग म्हटलं, दुपारीच काढायच्या तर घरी काय वाईट. हॅट आज संध्याकाळी परत करून येते."

तिच्या आवाजात राग नव्हता, हेच अडचणीचं होतं. राग असता तर धाकटीला भांडता आलं असतं.

"ताई… ताई, ऐकलंस का?… नाही ऐकू आलं? सगळं सांगू?… यादी आईने दिली. आणि स्वतःला मुद्दाम… हो, मुद्दाम. आपण दोघींनी तिला… अगं, आपण काय सांगितलं तिला सोमवारी? आठव ना, नेमकं काय बोललीस?… मीसुद्धा तेच. शब्दाला शब्द… हॅलो? आहेस ना?… रडतेस का? जिन्यात? लोक बघतील, ताई."

पलीकडे ताई नाक ओढत होती. मुंगीने सोंग सोडून दिलं आणि खुर्ची ढकलत फ्रिजपाशी नेऊ लागली. धाकटीने या वेळात मनातल्या मनात पडदे ओढलेली ती खोली एकदा पाहून घेतली. गार, अंधारी, कुणी हाक न मारणारी. मग तिने पडदे उघडले.

"ताई, ऐक. एक जागा वाढवायला सांग विमानात… असेल, एक असेल. आणि आई तुझ्या खोलीत नको, माझ्याही नको… तिसरी खोली कशी मिळणार म्हणजे? वकीलबाईंची आहे ना? एकटीची. ती आईला दे. ती पाय लांब करायची सीट पण दे… वकीलबाई तुझ्यापाशी झोपेल, आणि तिला काय वाद घालायचा तो तुझ्याशी घालेल… हो, गठुडं पण तुझ्यापाशी. माझी माझ्यापाशी… दुपारी? दुपारी काय, तू आणि मी. चार मुलं आणि आपण दोघी. जावई आहेत की, यादीत नाव आहे त्यांचं, कामाला लागतील… माहीत आहे गं. मला पण हवी होती."

टेबलापलीकडून आईने हात वर केला, वर्गात करतात तसा.

"खिडकीतून समुद्र दिसतो का, विचार."

"ताई, आई विचारतेय, त्या खोलीतून समुद्र… दिसतो? पूर्ण?… वकीलबाई म्हणून चांगली दिली होती त्याने? आणि आपल्या दोघींच्या?… भिंतीकडच्या. बरं… बरं, बरं. लगेच फोन कर त्याला. आणि आईचं खरं नाव सांग, काहीतरी पदवी नको… हॅलो?… ताई, तुटतंय… हॅलो?"

फोन गेला होता. आईने ढिगातली कात्री उचलली, मुंगीच्या डोक्यावरून हॅट काढून घेतली आणि दुकानाची चिठ्ठी कचकन कापून टाकली. मग हॅट स्वतःच्या डोक्यावर ठेवली, फ्रिजच्या दारात बघून किंचित तिरकी केली, उरलेल्या दोन चड्ड्या आणि सेफ्टी पीन धाकटीच्या पुढ्यात सरकवली.

"मी जरा पडते," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने दार लोटून घेतलं.

पाच दुपारी होत्या. दोघी बहिणींनी त्या एकमेकींना न सांगता दोनदा खर्च केल्या होत्या, आणि मुळात त्या दोघींपैकी कुणाच्याच नव्हत्या. आता त्या आईला फेडायच्या होत्या. भुंगा टेबलाखाली शिरला, मुंगी पुन्हा खुर्चीवर चढली. धाकटीने सेफ्टी पीन हातात घेतली आणि पुन्हा एकदा मोजलं.

आजची धरून सहा.