झोपलेल्या माणसासाठी चिमटेकिडे

बांधापलीकडची लुदिंग जीपनीत, त्या लांबट प्रवासी जीपमध्ये, चढताना दिसली तशी रुफिनोने टोपी डोळ्यांवर ओढली, फवारणीच्या औषधाचा कॅन पायामागे सारला आणि तो घोरू लागला. लुदिंग मांडीवर बरणी घेऊन दाराशी एका अनोळखी बाईशेजारी बसली.

“बरणीत काय वळवळतंय हो, ताई?” बाईने विचारलं.

“चिमटेकिडे. शेपटीला चिमटा असतो बघ. मक्यावरची लष्करी अळी मटकावतात.”

“अगं बाई! पाळता कशात?”

“जुन्या टबात माती घालून. खायला कुत्र्याचा खाऊ. तेव्हापासून आमचा कुत्रा माझ्याकडे बघत नाही.”

“आणि शेतात कसे सोडता?”

“पाण्याच्या बाटलीला भोक पाडायचं आणि मक्याच्या बुडाशी टकटक करायची. मिठासारखे पडतात.”

“सोप्पं की!”

“सोप्पं कसलं? शेजारी उद्या फवारणार. वारा माझ्याच शेताकडे. महिनाभर पोसलेले एका सकाळीत आडवे.”

“मग सांगा ना त्याला!”

“कशी सांगू? मी दिसले की त्याला झोप लागते.”

टोपीखाली घोरणं थांबलं.

“जागा झाला वाटतं.”

“छे गं, आता तो गाढ झोपलाय.”

जीपनी सुटली. भाड्याची नाणी हातोहात ड्रायव्हरकडे निघाली आणि त्यांच्यामागून बरणीही.

“जरा पुढे द्या हो, त्या टोपीवाल्याला.”

सात जणांच्या हातांतून बरणी रुफिनोच्या मांडीवर आली.

“वहिनी,” टोपीखालून आवाज आला, “मांजराचा खाऊ चालतो का यांना?”