रेघेची नदीकडची कड

सन्माननीय अध्यक्षमहोदय, म्हणजे आपल्या प्रादेशिक प्राधिकरणाचे आयुक्त. व्यासपीठावरचे दोन्ही उपायुक्त. आजचे सत्कारमूर्ती, ज्यांच्यासाठी आपण सगळे इस्त्रीचे कपडे घालून जमलो आहोत, ते आपले मुख्य नियोजक साहेब. पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी. प्राधिकरणातले आणि नगरपालिकेतले माझे सहकारी. आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागच्या दाराशी हाताची घडी घालून उभे असलेले आमचे नगरसेवक, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी नगरपालिकेची नगररचनाकार. निवेदकांनी माझी ओळख करून देताना ‘मितभाषी’ असा शब्द वापरला. बैठकांमध्ये मी मितभाषी असतेच. प्राधिकरणाच्या बैठकीत नगरपालिकेच्या माणसाला दुसरं काय असता येतं? खुर्ची दाराजवळची मिळते, चहा शेवटी मिळतो आणि बोलायची पाळी येईपर्यंत साहेब उठलेले असतात. हसू नका, उपायुक्तसाहेब. तुम्हीही आमच्याकडूनच तिकडे गेलात.

आयुक्तसाहेबांनी मघाशी जाहीर करून टाकलं, की भाषणाच्या शेवटी मी एक गोड बातमी देणार आहे. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे कारभार असा, की घर बांधायची परवानगी देते नगरपालिका, आणि त्या घरी जायचा मोठा रस्ता आखतं प्राधिकरण. दोघांची तोंडं दोन दिशांना. म्हणून पुढच्या महिन्यापासून दोघांचं मिळून एक संयुक्त मंडळ होतंय. घरं कुठे, गोदामं कुठे, रस्ते आणि बसगाड्या कुठून, हे सगळं एकाच टेबलावर ठरेल. साहेब आज निवृत्त होताहेत, पण त्या मंडळाचे पहिले अध्यक्ष म्हणून पुढची पाच वर्षं त्यांनाच बसवावं, असं प्राधिकरणाला वाटतं. त्याला नगरपालिकेची संमती लागते. आज दुपारी आमची सभा झाली. तिथं काय ठरलं ते सांगायला मला उभं केलंय, आणि मी ते सांगणारही आहे. पण सत्कार म्हटला की आधी गुणगान नको का व्हायला?

साहेबांचा पहिला गुण म्हणजे त्यांचा आत्मविश्वास. नकाशा समोर आला की साहेब पट्टी मागत नाहीत, पेन्सिल मागत नाहीत. खिशातून निळं जाड पेन निघतं आणि एका दमात रेघ ओढली जाते. खालच्या मजल्यावर त्यांना ‘रेघवाले साहेब’ म्हणतात, हे त्यांना माहीत आहे आणि आवडतंही. आज कर्मचाऱ्यांनी त्यांना भेट म्हणूनसुद्धा पेनच दिलंय. कुणाची कल्पना हो ही? छानच आहे.

आता आमच्या धंद्यातली एक गंमत सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. प्राधिकरणाचा नकाशा सगळ्या प्रदेशाचा असतो, त्यामुळे त्यात सगळं बारीक दिसतं. त्या नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेघ ओढली, तर जमिनीवर ती पन्नास मीटर रुंद होते. पन्नास मीटर म्हणजे किती? एक गल्ली, तिच्या दोन्ही बाजूंची घरं, मागची परसं आणि वाळत घातलेले कपडे. साहेबांच्या पेनाखाली एवढं सगळं येतं. नगरपालिकेच्या नकाशावर मात्र आम्ही एकेका घराचा जिना दाखवतो. हे दोन नकाशे एकमेकांवर कधीच बसत नाहीत. म्हणून कुणीतरी कुणालातरी विचारावं लागतं, की साहेब, रस्ता या रेघेच्या नक्की कुठल्या कडेनं जाणार?

अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या नगररचनाकारानं हे विचारलं होतं. प्राधिकरणाच्याच दुसऱ्या मजल्यावर, त्या लांबट खोलीत, जिथला पंखा अजूनही फक्त अध्यक्षांच्या डोक्यावर फिरतो. वळणरस्त्याची रेघ नुकतीच ओढून झाली होती. नदी आणि टेकडी यांच्या मधून. नगररचनाकार उठून म्हणाले, “साहेब, टेकडीच्या बाजूला लोकांनी घरांसाठी अर्ज केलेत. मी परवानग्या कशा देऊ? रेघेची कुठली कड धरू?” साहेब तेव्हा उपनियोजक होते. ते चिडून म्हणाले, “अहो, नदीकडची कड धरा. टेकडीच्या बाजूला द्या खुशाल परवानग्या. एवढं लेखी कशाला हवंय? आपण काय परके आहोत?”

खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. आणि लेखी का घेतलं नाही, असं तुम्ही विचाराल, तर आपल्याकडची रीत तुम्हालाही ठाऊक आहे. वरच्या कार्यालयाकडे लेखी मागणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं. पुढचे सहा महिने एकही फाईल हलत नाही.

परवानग्या दिल्या गेल्या. टेकडीच्या बाजूला गल्ली उभी राहिली. कोपऱ्यावर बेकरी आली. पाव, खारी, सकाळी रांग. घराघरांत पाण्याच्या टाक्या चढल्या, कुणी वर मजला चढवला, कुणी मुलीच्या लग्नाआधी रंग काढून घेतला.

दरम्यान प्राधिकरणानं नदीकडची सगळी पट्टी गोदामांना देऊन टाकली. नगरपालिकेला विचारलं का? छे! जमीन वापराचा निर्णय त्या खोलीत, रस्त्याचा निर्णय ह्या खोलीत, मधे एक भिंत. गोदामं उभी राहिली, कुलपं लागली, आणि मग रस्त्याचं काम निघालं. नदीकडच्या कडेला आता जागाच उरली नव्हती. मग काय करायचं? रस्ता सरकवला. रेघेच्या टेकडीकडच्या कडेला. बघा ना काय सोय आहे! नकाशा बदलावा लागला नाही, कुणाची मंजुरी लागली नाही, सूचना छापावी लागली नाही. रेघ होती तीच राहिली. जाड होती ना ती.

गल्लीची एक ओळ पाडली. मी पाहिलंय ते. भिंत कापल्यावर आतला जिना उघड्यावर येतो आणि कुठेच जात नाही. बेकरीचा दर्शनी भाग गेला, भट्टी गेली. आज तुम्ही वळणरस्त्यानं आलात ना? सिग्नलला जिथं गाड्या थांबतात, तिथं ती भट्टी होती.

लोक खवळले. चौकशी लागली. चौकशी समितीनं विचारलं, नदीकडची कड असं कोण म्हणालं? साहेबांनी कानांवर हात ठेवले. “मी असं कशाला म्हणेन? रेघ म्हणजे रेघ.” आणि त्या लांबट खोलीत बसलेले बाकीचे सगळे मूग गिळून बसले. नगररचनाकार एकटेच पुन्हा पुन्हा सांगत राहिले. ‘प्राधिकरणाशी समन्वय न साधता बेजबाबदारपणे परवानग्या दिल्या’ असा ठपका त्यांच्यावर आला. ते निलंबित झाले. साहेबांना त्याच वर्षी बढती मिळाली.

हो, अध्यक्षमहोदय, चिठ्ठी मिळाली. वेळ संपत आली आहे म्हणता. साहेबांचीही संपत आली आहे, मी त्यांच्याआधी आटपते.

त्या नगररचनाकारांचा निरोप समारंभ झाला नाही. ना हार, ना भाषण. टेबलाच्या खणातून चष्म्याचं घर, पट्टी आणि जेवणाचा डबा काढून पिशवीत घातला आणि ते घरी आले. नंतर कितीतरी वर्षं ते बाजारात जायला लांबचा रस्ता धरायचे, कारण जवळच्या रस्त्यावर त्या गल्लीतली माणसं भेटायची. माणसं बोलायचीच तशी. पैसे खाल्ले म्हणायची. त्यांच्या बायकोच्या हातातली पिशवी बघून म्हणायची, आमची घरं विकून भाजी घेताय का.

आता तुम्ही म्हणाल, साहेब तसं म्हणालेच होते याला पुरावा काय? पुरावा स्वतः साहेबांनी दिलाय. गेल्या वर्षी नव्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण होतं. दुपारच्या जेवणाला साहेब फार रंगात होते. मी समोर बसले होते. साहेब म्हणाले, “पोरांनो, एक धडा घ्या. तोंडी बोललेलं तोंडीच ठेवायचं. मी एका नगरपालिकेच्या येड्याला म्हटलं होतं, नदीकडची कड धर. त्यानं धरली! आणि चौकशीत बिचारा एकटाच कड कड करत बसला.” टेबल हसलं. तेव्हा हसलेले पाच-सहा जण आजही या सभागृहात आहेत. मान खाली घालू नका, मला तुमचे चेहरे पाठ आहेत.

साहेबांनी मलाही विचारलं होतं, “काय बाई, हसला नाहीत?” मी म्हटलं, दाढ दुखतेय.

साहेब, दाढ नव्हती दुखत. तो येडा माझा बाप.

लग्नानंतर माझं आडनाव बदललं, म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही. आणि लक्षात यायला तुम्ही त्यांचं नाव कधी लक्षात ठेवलं होतं म्हणा! इतकी वर्षं मी तुमच्या बैठकांना येते. तुमच्या रेघा पाहते, तुमचे विनोद ऐकते, तुमच्या मुलीच्या लग्नात जेवूनही आले. तुम्ही मला ‘समंजस बाई’ म्हणायचात. मी समंजस नव्हते, साहेब. मी डूख धरून होते.

वहिनी, तुमच्याशी माझं काही वैर नाही. तुम्हाला उठून जायचं असेल तर मला वाईट वाटणार नाही. आणि बसलात तर आभारी आहे.

त्या जेवणानंतर मी थेट गेले ती बेकरीवाल्यांकडे. हेच ते, मागे दाराशी उभे आहेत. आता भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी लावतात, आणि गेल्या खेपेपासून नगरसेवक आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातावरचं पीठ झटकलं, चपला घातल्या आणि माझ्याबरोबर आमच्या घरी आले. बाबा दारात. बेकरीवाले म्हणाले, “साहेब, इतकी वर्षं मी तुम्हाला शिव्या घातल्या. पत्ता चुकला माझा.” बाबा म्हणाले, “आत या, चहा घेऊ.” बस, एवढंच. आई मात्र स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडली. मी तिला आवरायला गेले नाही. रडू दे म्हटलं, तिचा हक्क आहे तो.

मी आज इथं बोलणार आहे हे बाबांना कळलं, तेव्हा ते म्हणाले, “जाऊ दे गं. माणूस निवृत्त होतोय. मी कधीच सोडून दिलंय.” मी म्हटलं, बाबा, तुम्ही सोडून दिलं असेल, मी दिलेलं नाही. तुम्ही मोठ्या मनाचे आहात. मला माझं मन आहे तेवढंच बरं आहे.

आता ती बातमी. अध्यक्षमहोदय, आणखी चिठ्ठ्या पाठवू नका, दोनच वाक्यं उरली आहेत.

आज दुपारी नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेनं संयुक्त मंडळाला एकमतानं संमती दिली. घर आणि रस्ता एकाच टेबलावर ठरलाच पाहिजे, कड विचारली की कड लिहून मिळालीच पाहिजे, हे त्या गल्लीइतकं कुणालाच कळत नाही. टाळ्या वाजवायच्या असतील तर आत्ता वाजवा.

अध्यक्षपदासाठी सुचवलेल्या नावाला मात्र सभेनं नकार दिला आहे. तोही एकमतानं. ठराव बेकरीवाल्यांनी मांडला. कारण त्यांनी एका ओळीत दिलं: हे गृहस्थ बोललेला शब्द पाळत नाहीत आणि लिहून देत नाहीत. प्रत आयुक्तसाहेबांच्या कार्यालयात पोचली आहे. आमच्या संमतीशिवाय नेमणूक होत नाही, हा नियम साहेबांच्याच हाताखाली तयार झालाय, त्यामुळे त्यात पळवाट शोधायचे कष्ट कुणी घेऊ नयेत.

यात सूड नाही, असं मी म्हणणार नाही. आहे. नगरसेवकांनी शहराचं हित पाहून मत दिलं असेल, पण दारोदार फिरून एकेकाला गाठलं ते मी, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

साहेब, तुम्ही उद्यापासून खरोखर निवृत्त आहात. सकाळी फिरायला जा, दुपारी झोप काढा. बाजारात आलात आणि त्या गल्लीतलं कुणी भेटलं, तर लांबच्या रस्त्यानं जाता येतं. कुठून वळायचं ते माझे बाबा सांगतील तुम्हाला, त्यांना नीट माहीत आहे.

मला बोलायची संधी दिली याबद्दल आयोजकांचे, माईक बंद करायला सांगूनही चालू ठेवणाऱ्या ध्वनिव्यवस्थेवरच्या दादांचे, आणि शेवटपर्यंत बसून राहिलेल्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही सांगायचं राहून गेलं असेल, तर मोठ्या मनानं माफ करा. जे सांगितलं, त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.