राखणेचा कोंबडा आणि मथुराबाईंचे ससे

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज सेवानिवृत्त होत असलेले आपले पशुधन पर्यवेक्षक श्री. गुरुदासराव आचरेकर, आणि तारकर्लीपासून वैभववाडीपर्यंतच्या गावांतून अगत्याने आलेल्या बंधुभगिनींनो,

सत्कारमूर्तींच्या गुणांविषयी माझ्याआधी चार वक्ते बोलले. त्यांत भर घालण्याची माझी योग्यता नाही. मी एका कोंबड्याविषयी बोलणार आहे.

दोन वर्षांपूर्वी, शिमगा आटोपल्यावर, आमच्या वाडीत बर्ड फ्लू आला. घरोघरच्या कोंबड्या मारून पुरण्याचा आदेश निघाला आणि ते काम गुरुदासरावांकडे आले. माझ्याकडे वाडीच्या राखणदार देवाला राखणेसाठी, म्हणजे वार्षिक मानासाठी, बोललेला एक तांबडा कोंबडा होता. बोललेला कोंबडा परक्या हाती मरू द्यायचा नाही, ही आपली रीत. छत्तीस वर्षे मुलांना विज्ञान शिकवलेल्या माणसाने काय करावे? मी तो उचलला आणि शेजारच्या मथुराबाईंच्या शेडमध्ये, सशांच्या पिंजऱ्यांमागे, टोपलीखाली झाकला. त्यांना विचारले नाही, सांगितलेही नाही.

मथुराबाई पूर्वी मासे विकत. यजमान होडीसह समुद्रात गेल्यावर त्यांनी फरसाठी ससे पाळले. बेळगावचा एक व्यापारी कातडी नेई. मादी व्यायली की त्या माझ्या दारात येऊन सांगत, "मास्तरांनू, आज सात झाली!" सशांवरच त्यांचे घर चालले होते.

कोंबडा चौथ्या दिवशी मेला. मी तो माडाखाली पुरला. आठवड्याभराने सशांची नाके वाहू लागली. मग ते माना टाकू लागले. नमुने गेले, अहवाल आला. रोग तोच. उरलेले ससेही मारायचे ठरले.

गुरुदासराव पिंजरे रिकामे करीत असता मथुराबाईंनी विचारले, "गुरुदासांनू, माझे ससे काय उडत होते? तेंका पक्ष्यांचो रोग खंयसून इलो?"

तेवढ्यात गुरुदासरावांनी ती टोपली उचलली. खाली तांबडी पिसे. माझ्याजवळ येऊन ते हळूच म्हणाले, "मास्तरांनू, सशांक पिसां कधीपासून फुटाक लागली?"

 त्यांनी पिसे गोणत्यात टाकली आणि अहवालात लिहिले : कारण अज्ञात.

पुढे वाडीनेच कारण ठरवले. गुरुदासरावांनी बुटांतून रोग आणला! बाजारात ते दिसले की आमच्या वाडीतला बाबली ओरडे, "इलो रे, सशांचो यम!" लोक हसत. त्या लोकांत मी होतो. हसलो का? होय, हसलो.

अध्यक्ष महोदय, घंटा ऐकली. आवरते घेतो.

मथुराबाई तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ बसल्या आहेत. बाई, कोंबडा माझा होता. गुरुदासरावांच्या बुटांत काही नव्हते.

हे बोलल्यावर काहीतरी वाटेल, अशी माझी समजूत होती. अद्याप काही वाटलेले नाही.

संयोजकांनी बोलण्याची संधी दिली, त्यांचा मी ऋणी आहे. माझ्या उच्चारात वा वाक्यरचनेत उणे राहिले असल्यास श्रोत्यांनी ते पोटात घालावे. कोंबड्याचे घालू नये. तो अधिकार श्रोत्यांचा नाही.

सत्कारमूर्तींना शाल माझ्या हस्ते द्यावयाची, असे पत्रिकेत छापले आहे. ती मथुराबाईंच्या हस्ते दिली जावी, अशी अध्यक्षांना नम्र विनंती.

त्या उठल्या, तर.