नऊ नंबरची पिशवी

तुम्ही कधी दुसऱ्याच्या ओकारीत मनगटापर्यंत हात घातलाय का हो? नाही ना? मग तुम्ही आमच्या ह्यांच्याबरोबर, माझ्या सासूबाईंबरोबर आणि माझ्या दिरांबरोबर एका गाडीतून कधी गेला नाहीत! मी गेले. चार तास समुद्राच्या कडेनं आणि वर तीन तास घाट... आणि कशासाठी, तर सासूबाईंच्या थोरल्या बहिणीला भेटायला. अकरा वर्षांनी!

आता ही थोरली मावशी म्हणजे काय चीज, तुम्हाला सांगते. दर रविवारी फोन, आणि फोनवर एकच वाक्य, "धाकटे, माझा एकही दात अजून हललेला नाही बरं!" की आमच्या सासूबाई इकडून लगेच, "माझा तरी कुठे हललाय?" तसं खोटं नाही म्हणा. कवळी चांगली घट्ट बसवून घेतलीय त्यांची, हलेल कशाला? पण निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघ सूनबाई, तिला जर कळलं ना, तर मी गाडीतून पाय खाली ठेवायची नाही. अकरा वर्षं झाली असली तरी तशीच परत!"

आणि आमचे हे! कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळतात, त्यामुळे कुठलीही वस्तू उघडी दिसली की ह्यांचा जीव कासावीस होतो. निघतानाच काळ्या पिशव्यांचं अख्खं भेंडोळं घेतलं. प्रत्येक पिशवीला गाठ, वर खडूनं नंबर, आणि नंबराची नोंद खिशातल्या यादीत. मी म्हटलं, अहो, निदान आरपार दिसतील अशा घ्या... ऐकतील तर शपथ!

समुद्राकाठी थांबलो. भावोजींनी सहा उकडलेली अंडी खाल्ली. टरफलं? "पिशवी आहे ना!" भावोजींनी डुबकी मारली. ओली चड्डी? "पिशवी आहे ना!" मग शिंपले गोळा केले भावोजींनी, लहान पोरासारखे, वय वर्षं सत्तेचाळीस... ते शिंपले रिकामे नव्हते हो! आत त्यांचे मालक होते! ते उन्हात तासाभरात वारले, आणि असा वास सुटला, असा वास... "पिशवी आहे ना!" फेकून द्या म्हटलं तर, "छे! कचरा रस्त्यात टाकायचा नाही, घरी न्यायचा." बरोबरच आहे की त्यांचं. तोच तर संताप! माणूस चुकीचं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

घाट लागला. मी म्हटलं, भावोजी, एक लिंबू हुंगा. तर छाती काढून, "वहिनी, मला आयुष्यात कधी गाडी लागली नाही!" तिसऱ्या वळणाला गप्प. पाचव्या वळणाला हिरवे. सातव्याला, "दादा, गाडी..." एवढंच. पुढचं तोंडातून आलं ते शब्द नव्हते. "पिशवी आहे ना!"

ते बघून सासूबाईंनाही मळमळायला लागलं. म्हणाल्या, ओकारी आली आणि खिडकीतून कवळी दरीत गेली तर? म्हणून काढूनच ठेवली. नऊ नंबरची पिशवी. ह्यांनी ती दोन सीटच्या मध्ये अडकवली, म्हणे, पुढे थांबलो की गाठ मारतो. पुढे दाट धुकं, भावोजींच्या आणखी तीन फेऱ्या, एका चहाच्या टपरीपाशी ह्यांनी सगळ्या पिशव्या बांधून डिकीत टाकल्या.

मावशींचं घर दिसायला लागलं तशा सासूबाई म्हणाल्या, "फूनबाई, माझे फाथ?"

डिकी उघडली. वर भावोजींचा ओला टॉवेल, खाली काळ्या पिशव्या, आणि खडूचा एकही नंबर शिल्लक नाही! सगळे पुसून चकाचक. आमचे हे यादी हातात घेऊन उभे. "नऊ नंबर बघ." कुठल्या जन्मातले नऊ नंबर हो?

आणि सोडायच्या कोणी? मी! एक सोडली, टरफलं. दुसरी, चड्डी, वाळूसकट. तिसरी, ते वारलेले मालक... शी! चौथी भावोजींची, पाचवी भावोजींची. गाडीतून सासूबाई, "थापडले का गं?" आणि डोळ्यांत पाणी. बाहेर येऊन बसली असेल म्हणे थोरली, पायरीवर, सकाळपासून.

मग भावोजी हळूच जवळ आले. "वहिनी, त्या वळणावर ना... घाईत... ती मधे अडकवलेली पिशवी घेतली मी."

देवा!

घातला. डोळे मिटून घातला हात. सहा अंडी पुन्हा भेटली मला. तळाशी काहीतरी बोटाला चावलं, ओढून काढलं. दोन बाटल्या पाण्यानं धुतली ती कवळी, साबणानं धुतली, टूथपेस्टनं धुतली, पुन्हा साबणानं धुतली. सासूबाईंनी तोंडात बसवली, जीभ फिरवली. "पुदिन्याचा वास येतोय गं छान. कुठल्या पिशवीत होती?"

"नऊ नंबरच्या," मी म्हटलं.

आमचे हे विजयानं, "बघ! तरी म्हणतो मी, पिशवी आहे ना!"

मावशी खरंच पायरीवर बसल्या होत्या. त्या दोघी हसल्या तुम्हाला सांगते... रडताना माणसाचं तोंड मिटतं, ह्या दोघी रडत होत्या तेही दात दाखवून. रात्री जेवले नाही मी. कशी जेवणार, उजव्या हातानं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवायला गेले, तर बेसिनवर दोन वाट्या शेजारी शेजारी होत्या, आणि दोन्हींत कवळ्या होत्या. दोन्ही मीच धुतल्या.