दोन दारांचा क्लब

आमच्या हुमनाबादच्या क्लबात मेंबरांना दारू द्यायचं लायसन काढायचं ठरलं, अन सेक्रेटरी म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासून बीदरच्या अबकारी ऑफिसात चकरा मारून मारून मी थकून गेलो बघा. तिथले साहेब दर खेपेला नवीन खोट काढायचे.

एकदा म्हणाले, "अण्णा, मागचं दार कामून न्हाई? आग लागली तर?"

आम्ही भिंत फोडून दार बसवलं. पुन्हा गेलो, तर म्हणाले, "दोन दारं? मेंबर नसलेले बी शिरतील की. एक बुजवा."

बुजवलं. तोवर साहेबच रिटायर झाले, अन गेल्या महिन्यात आमच्याच क्लबाचे मेंबर झाले. पहिल्याच संध्याकाळी ऐसपैस बसून त्यांनी मला विचारलं, "प्यायला काय हाय?"

म्हटलं, "चहा."

"नुसता चहा? इतकी वर्षं काय करायलाव तुम्ही? उद्या मी येतो बीदरला तुमच्यासंगट. नवा साहेब कसा अडवतो, बघू!"

कसा अडवतो, ते मला पाठ झालं होतं. मी म्हटलं, "साखर किती सांगू, साहेब?"