रिकाम्या खुर्च्यांचा खुलासा

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष, ज्यांच्या गोठ्याच्या जागेवर आमचं सगळं उभं राहिलं ते आदरणीय यशवंतराव मामा. ज्यांच्यासाठी हा सगळा थाट मांडला ते सत्कारमूर्ती बुद्धभूषण सर. व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी. आणि दापोडी, सांगवीहून वाट वाकडी करून आमच्या चिखलीत आलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार आणि जयभीम.

यशवंतराव मामा मघापासून या रिकाम्या खुर्च्यांकडे बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. मामा, खुलासा करते, पण जरा दम धरा. खुर्च्या कुठं पळून जात नाहीत.

मी प्राजक्ता. इथल्या बायकांच्या वर्कशॉपचा कारभार बघते. सर ज्या संस्थेतून निवृत्त झाले, तिथं त्यांचं काम काय होतं हे त्यांच्या शेजाऱ्यांनाही धड ठाऊक नसेल. परदेशातून विकासासाठी मदत येते. ती वाटली जाते, फिती कापल्या जातात, फोटो निघतात. पण त्या मदतीनं कुणाच्या आयुष्यात नक्की काय बदललं? की मदत नसती आली तरी तेच झालं असतं? हे शोधायचं काम सरांचं. विचार करा, किती अप्रिय काम! ज्यानं दिलं त्यालाही प्रश्न आवडत नाहीत आणि ज्यानं घेतलं त्यालाही.

गेल्या आठवड्यात मी आमंत्रण द्यायला सरांकडे गेले. चहा झाला आणि सर एकदम म्हणाले, “प्राजक्ताताई, सगळी नोकरी मोजमापात गेली. पण तुमचं चिखलीचं मनाला लागून राहिलंय. त्या मदतीनं खरंच काही झालं का हो?” म्हटलं, याचं उत्तर चार माणसांसमोरच द्यायचं. म्हणून आज हा माईक मी मागून घेतलाय.

काय दिवस होते ते! मामांच्या गोठ्यावर नवे पत्रे पडले, परदेशी संस्थेच्या मदतीतून लेथ मशिनं आली आणि आम्ही बायका बांगड्या मागं सारून लोखंड कातायला शिकलो. घरी गेलं की अंगाला कूलंटचा, म्हणजे कातताना लोखंडावर सोडायच्या त्या तेलकट पाण्याचा वास. पोरं नाक धरायची. माझ्या सासूबाई आक्काबाई आमच्यात सगळ्यात वयानं मोठ्या. पहिली लोखंडी पिन त्यांनी मापात उतरवली आणि दिवसभर कमरेला खोचून गावभर दाखवत हिंडल्या. आजही आठवलं की हसू येतं आणि डोळेही भरतात.

सर त्यांच्या जुन्या स्कूटरवरून यायचे. आम्हाला विचारायचेच, पण पलीकडच्या आळीत, जिथं अजून शिकवणी पोचली नव्हती, तिथंही जायचे. तिथल्या सरूबाईंना दर वर्षी तेच प्रश्न. का? तर मदत मिळालेल्या आणि न मिळालेल्या बायकांची तुलना करायची. सरूबाई एकदा भडकल्या. “मशीन द्येयाचं न्हाई, शिकवायचं न्हाई, आन् दर साली इचाराय मातूर येता! मी काय नुसती परीक्षेला बसलीय का?” सर बिचारे मान खाली घालून म्हणाले, “बाई, पुढच्या टप्प्यात तुमचाच नंबर.” त्या शब्दावर सरूबाई थांबल्या होत्या.

तो पुढचा टप्पा ठरवायला परदेशातून पाहुणे आले. आता पाहुणे येणार म्हटल्यावर आमची चिखली गप्प बसेल? दारात रांगोळ्या, डोक्याला फेटे, ताटात पुरणपोळ्या. आणि आक्काबाईंनी फर्मान काढलं, मशिनांची पूजा करायची, दसऱ्याला करतो तशी. झाली पूजा. हळद-कुंकू, झेंडूचे हार, नारळ. पाहुणे खूश. मग त्यांनी हळूच सांगितलं, “आता मशीन चालवून दाखवा.”

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागलो. पूजा झालेलं मशीन त्या दिवशी कुणी चालवतं का? आक्काबाई हात जोडून म्हणाल्या, “आज न्हाई जमायचं बगा. आज त्येंचा इसाव्याचा दिवस हाय.” सरांनी परोपरीनं समजावलं, उद्या सकाळी या म्हणून विनवलं. पण पाहुण्यांना त्याच दिवशी परत जायचं होतं. पुढं अहवाल आला. बायकांना मशीन चालवता येत असल्याचं दिसलं नाही, मशिनं शोभेला ठेवलेली आहेत. पुढचा टप्पा रद्द! आम्ही पाहुण्यांचा मान ठेवला आणि त्याच मानानं आमचा घात केला, राव.

सरांना दुसऱ्या राज्यात पाठवलं. जाताना ते सरूबाईंच्या दारात गेले, पण त्यांनी दार उघडलं नाही. सरांनी पाहिलं ते एवढंच. पुढचं त्यांना कुणी सांगितलंच नाही, म्हणून आज मी सांगते.

सर, तुम्ही गेल्यावर आक्काबाईंनीच सरूबाईंना हाताला धरून शेडमध्ये आणलं. काम सुटल्यावर आम्ही त्यांना शिकवलं. मग त्यांच्या जावेला, मग त्यांच्या आळीला. तुमची तुलना आम्ही पार बिघडवून टाकली, सर! मदत मिळालेल्या कोण आणि न मिळालेल्या कोण, हे आता आमचं आम्हालाही सांगता यायचं नाही.

आता खुर्च्यांचा खुलासा. काल मी म्हटलं, सरांचा सत्कार आहे, दुसरी शिफ्ट बंद ठेवू. आक्काबाई कडाडल्या, “पाहुण्यांसाठी येकदा मशिनं बंद ठिवली, तवा सरांना खाली बघावं लागलं. आज सर येनार हायती. आज तर मुळीच बंद ठिवायची न्हाईत!” मामा, या रिकाम्या खुर्च्या आमच्या दुसऱ्या शिफ्टच्या आहेत. चाकणला माल जायचाय आणि बायका मशिनवर उभ्या आहेत. सर, नोकरीभर तुम्ही हजर माणसं मोजलीत. आज एवढी गैरहजर माणसंही मोजा. तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मशीनच्या आवाजात मोठ्यानं बोलायची खोड लागलेली बाई म्हणून सांभाळून घ्या.

आणि सर, शाल-श्रीफळ झालं की लगेच घरी निघू नका. शेड इथून हाकेच्या अंतरावर आहे. आजची शिफ्ट सरूबाई सांभाळतायत. त्यांनी निरोप धाडलाय, “सरांना म्हनावं, लई सालाचं प्रश्न इचारायचं ऱ्हायल्यात. या. दार उघडं हाय.”